मंगळवार-शुक्रवारची भूक

माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगात दर मंगळवारी आणि शुक्रवारी देवी येते, असं तिच्या सासरचं गाव सांगायचं. तिला भूक लागलेली असायची. एवढंच होतं ते. पण घरातल्या सुनेला भूक लागली असेल हे त्या घरात कुणाला सुचलं नाही. देवी आली असेल हे मात्र सगळ्यांना लगेच सुचलं. त्याचा राग मला तेव्हा आला, तो अजून उतरलेला नाही. उतरावा असं मला वाटतही नाही.

आम्ही दोघी शिरूरच्या. वडील मराठी शाळेत मास्तर होते. मी फायनलची परीक्षा दिली आणि लग्न होऊन दौंडला रेल्वेच्या चाळीत आले. नवरा इंजिनावर. त्याला ड्युटीचं बोलावणं कोणत्याही वेळी यायचं, त्यामुळे आमच्या घरात आधी कोण आणि मागून कोण ही भानगड टिकलीच नाही. ज्याची गाडी आधी, तो आधी जेवणार. कोणाचीच गाडी नसेल तर ज्याला भूक लागली तो जेवणार.

धाकटीचं तसं नव्हतं. तिला दिलं शिरूर तालुक्यातल्याच एका खेड्यात, बागायतदाराच्या घरात. उसाचा मळा, घरचं गुऱ्हाळ, तीन भाऊ, तीन सुना, सासू-सासरे, पोरंबाळं, गडीमाणसं. मोठं खटलं. आमच्या वडिलांना त्याचा अभिमान होता. धाकटी त्या घरात सगळ्यांत शेवटी आली म्हणून सगळ्यांत शेवटी जेवायची. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. तिलाही नाही.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तिचं पोट पडलं. त्यानंतर ती खंगत गेली. सासूनं "चार दिस भनीकडं ऱ्हा" म्हणून तिला माझ्याकडे पाठवलं. दारात उभी राहिली तेव्हा मी आधी तिचं लुगडं ओळखलं, मग तिला. आल्या आल्या माठातलं पाणी तांब्यानं प्यायली, पुन्हा प्यायली, आणि संध्याकाळपर्यंत माठ रिकामा. मोरीत मुंग्यांची रांग लागली. मी कुणाला विचारत बसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बाजारपेठेतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर वयस्कर, बोलायला फटकळ. त्यांनी आमच्यासमोरच काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात तिच्या लघवीचे काही थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं होतं ते हिरवं झालं, पिवळं झालं, नारिंगी झालं आणि शेवटी भट्टीतून काढलेल्या विटेसारखं लाल झालं.

"हे नीट बघून ठेवा," ते म्हणाले. "विटकरी म्हणजे साखर फार. पिवळं म्हणजे मध्यम. हिरवं म्हणजे चालेल. निळं राहिलं तर बरं, पण मग जेवणात कुचराई करायची नाही. हिच्या शरीरात साखर पचवणारा रसच तयार होत नाही. तो बाहेरून टोचायचा. रोज, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर."

धाकटी म्हणाली, "डॉक्टर, साखर मी खातच नाही. आमच्याकडे सगळा गूळच असतो."

डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, "हिला तुम्ही समजावा."

मी समजावलं. गूळ, काकवी, उसाचा रस, सगळं एकच. भाकरीचीसुद्धा पोटात साखर होते, पण ती हळूहळू, म्हणून भाकरी लागतेच. सुई टोचायचा सराव मी आधी वांग्यावर केला, मग नुसती सुई स्वतःच्या मांडीत खुपसून पाहिली, मग तिला दिली. आठवडाभरात ती स्वतःची स्वतः घ्यायला लागली. सिरिंज उकळायची, सुई उकळायची, औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत गार ठेवायची. ती हुशार होती. मला कधी काही दोनदा सांगावं लागलं नाही.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र तिला, मला आणि तिला न्यायला आलेल्या तिच्या नवऱ्याला, तिघांनाही बजावून सांगितली. सुई घेतली की अर्ध्या तासाच्या आत जेवायचं. आधी ताट तयार, मग सुई. "हे औषध साखर खाली ओढतं," ते म्हणाले. "पोटात काही नसलं तरी ते ओढायचं थांबत नाही. मग घाम फुटेल, हातपाय कापतील, दारू प्यायल्यासारखं बरळेल, डोळे फिरवेल. तसं झालं की तोंडात साखर. उशीर केलात तर बाई जाईल."

तिच्या नवऱ्यानं मान डोलावली. मान डोलावणं हे आमच्याकडच्या पुरुषांचं एक कसब आहे. त्याचा अर्थ 'ऐकलं' असा होत नाही, 'आता निघू का' असा होतो.

ती सासरी गेली. पावसाळा गेला. दिवाळीनंतर मी आईला बघायला शिरूरला गेले तेव्हा एसटी स्टँडवर एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. धाकटीच्याच गावची.

"तुमी मळ्यातल्या धाकल्या सूनबाईच्या थोरल्या भन ना?"

"हो."

तिनं पाटी खाली ठेवली आणि भर स्टँडवर माझ्या पायाला हात लावला.

"अहो, हे काय करताय?"

"नशीबवान हाय तुमी. देवीनं तुमचं घर निवाडलं. मंगळवार आन् शुक्कीरवार, चुकायचं न्हाई. घामानं निथळती बया, डोळं फिरत्यात, हातपाय लटालटा कापत्यात. आन् सासूनं परसादाची साखर तोंडात घातली की घटकंत शांत. जसं काय झालंच न्हाई." ती आणखी जवळ आली. "म्या म्हशीचं इचारलं. म्हस आटली व्हती माझी. तर म्हणली, भाकर. दुसरा सबूद न्हाई. म्या म्हशीला रोज भाकर घातली. लागली की वो दूध द्याया."

मी तिला एवढंच विचारलं की मंगळवार-शुक्रवारच का. तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी रेल्वेत राहून बाटलेच आहे.

"द्येवीचं वार न्हाईत का ते? नैवेद झाल्याबिगर कोन तोंडात घालतं?"

मला एसटी स्टँडवर उभ्या उभ्या सगळं दिसलं. इतर दिवशी धाकटी चुलीपाशीच बसलेली. भाकऱ्या थापताना एखादा तुकडा कुणाच्या नकळत तोंडात टाकता यायचा, आणि त्या चोरीवर ती जगत होती. पण देवीच्या वारी चोरीलासुद्धा जागा नव्हती, कारण स्वयंपाक आधीच उष्टा करून कसा चालेल? नैवेद्य दाखवायचा सासऱ्यांनी. ते मळ्यातून येणार, अंघोळ करणार, आरती होणार. मग पुरुषांची पंगत, मग पोरं, मग सासू, मग थोरल्या दोन जावा. आणि धाकटी सुई घ्यायची ती सकाळी ठरल्या वेळी, मी शिकवलं होतं तशी, एक दिवस न चुकता.

पुढच्याच शुक्रवारी मी सकाळच्या एसटीनं गेले. पिशवीत गूळ घेतला होता. गुळाच्या गावाला गूळ घेऊन जाणारी मी एकटीच असेन.

ओसरी बायकांनी भरलेली होती. नारळ, ओटीचे खण, उदबत्त्यांचा धूर. मधोमध पाटावर माझी बहीण. केस सोडलेले, कपाळभर मळवट, चोळी घामानं चिकटलेली, मान एका बाजूला कललेली, हात थरथरत होते. सासू शेजारी परडी घेऊन बसली होती. एक बाई हात जोडून विचारत होती, "आई, माझ्या लेकाचं लगीन कवा जमंल?"

धाकटी म्हणाली, "भाकर... भाकर द्या गं."

बायकांत कुजबूज झाली. "अन्नदान मागतीया," कुणीतरी म्हणालं.

मी बायकांच्या मधून वाट काढत गेले आणि तिचं तोंड धरलं.

"आवं, शिवू नगा," सासू ओरडली. "द्येवी हाय."

"माझी बहीण आहे. सरका तुम्ही."

गुळाचा खडा बोटानं तिच्या गालाच्या आत चोळला. मग दुसरा. तिला चघळायचं भान आलं तसा तिसरा. थोड्या वेळानं थरथर कमी झाली, मान सरळ झाली. तिनं ओसरीभर बघितलं आणि मला म्हणाली, "अक्का, तू कधी आलीस?"

"भाकरी आणा," मी म्हणाले.

कोणी हललं नाही. मी उठले, आत गेले. चुलीजवळ नैवेद्याचं ताट वाढून ठेवलेलं होतं. त्यातली भाकरी आणि पिठलं उचलून बाहेर आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "निवदाचं ताट हाय वो ते." मी म्हणाले, माहीत आहे.

बायका उठून गेल्या. नारळ तिथेच राहिले. सासूनं मला समोर बसवलं. ती मूर्ख नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. मूर्ख असती तर राग कमी आला असता.

"तुमचं डाक्टर काय म्हणलं?" तिनं विचारलं. "हिला साखरंचा रोग हाय. साखर लई झाली, म्हून साखर बंद. व्हय का न्हाई?"

"हो."

"आन् मगाशी तुमी तिच्या तोंडात काय कोंबलं? गूळ. तवा बरी झाली. म्हंजी साखर लई झाली तरी रोग, आन् त्यो रोग साखरंनंच बरा? आमाला काय येडं समजता व्हय?"

प्रश्न बरोबर होता. सासरे कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. मी सासूला सोडलं आणि त्यांच्याकडे वळले.

"आबा, उसाला पाणी जास्त झालं तर काय होतं?"

"सडतो."

"मग काय करता?"

"चर काढून पाणी भाईर सोडतो."

"चर उघडाच ठेवला आणि वरून पाणी दिलंच नाही, तर?"

"जळंल की."

"तिची सुई म्हणजे तो चर आहे. रोज सकाळी उघडतो. वरून भाकरी गेली नाही तर ती जळते. ते जळणं तुम्ही ओसरीवर बसवून पुजताय."

आबांचा अडकित्ता थांबला. "समाजलं," ते म्हणाले.

सासू म्हणाली, "उसाच्या अंगात द्येवी येत न्हाई."

मी धाकटीला घेऊन विहिरीकडे गेले. मला वाटलं होतं, ती रडेल आणि मला घेऊन चल म्हणेल. ती कपाळावरचा मळवट धूत होती, सावकाश, जणू तो पुसून जायला नको होता.

"तुला कळत नाही का, काय होतंय ते?" मी विचारलं.

"कळतं ना. आधी ओठ बधिर होतात. हात कापायला लागतात. तेव्हा मी सांगते, आत्याबाई, भूक लागली. तर त्या म्हणतात, काय ही खा-खा, देवाच्या आधी जेवायचंय का? थोरल्या जाऊबाई हसतात. आणि मग घाम फुटला, बोलणं तुटलं, की त्याच आत्याबाई माझ्यापुढे हात जोडतात. जाऊबाई पाया पडतात."

"अगं, मरशील एखाद्या दिवशी."

"बाकीचे पाच दिवस भाकऱ्या थापते तेवढीच, जवळ कोणी बसवून घेत नाही, अक्का. रोगी आहे म्हणून. लघवी तपासते म्हणून. चुलीपाशी मूत उकळती, असं म्हणतात. मी ती नळी गोठ्यात नेऊन तापवते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुझं काय, तुझ्या घरात तू म्हणशील ते. मला दोन दिवस तरी माणसात बसवतात."

"देवीत बसवतात. माणसात नाही."

"तेवढं तर तेवढं."

मी तिच्या एक ठेवून दिली असती. घराचा राग होताच, त्या क्षणी तिचाही आला. भूक लागली म्हणणाऱ्या बाईला खा-खा म्हणायचं आणि भुकेनं मरायला टेकलेल्या बाईची ओटी भरायची, आणि त्या बाईनं त्यातच मान मानून घ्यायचा. हा हिशोब ज्यानं कोणी मांडला असेल, त्याला मी दौंडच्या यार्डात कोळशाच्या पाट्या उचलायला लावलं असतं.

आबांनी निवाडा केला. देवीच्या वारी धाकटीसाठी आदल्या दिवशीची भाकरी बाजूला ठेवायची, म्हणजे नैवेद्याचा स्वयंपाक उष्टा होणार नाही, आणि तिनं ती नैवेद्याआधी गोठ्यात बसून खायची. गोठ्यातच का, हे मी विचारलं. ते म्हणाले, "येवढं तरी मानून घ्या." मी मानून घेतलं. शिळी का होईना, भाकरी पोटात जाणार होती.

आणि ती जाऊ लागल्याबरोबर देवी यायची थांबली. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला. बायका ओसरीवर येऊन बसायच्या, धाकटी आपली कोरडी ठणठणीत. हळूहळू बायका यायच्या बंद झाल्या. सासू म्हणायला लागली की सुनेनं देवाच्या आधी खाल्लं म्हणून देवी रुसली. त्यात गुऱ्हाळावरचा एक बैल पाय घसरून पडला आणि निकामी झाला. झालं. बैलाचंही पाप भाकरीवर आलं. गोठ्यात ठेवलेली भाकरी कधी कुत्र्यानं नेलेली असायची, कधी ठेवायचीच राहून गेलेली असायची.

मग माझ्या हुशार बहिणीनं डोकं चालवलं. सुई घेतली की वेळेवर जेवावं लागतं, बरोबर? मग सुई घेतली नाही तर? तर उपाशी राहता येतं. नैवेद्य होईपर्यंत थांबता येतं, सगळ्यांचं होईपर्यंत थांबता येतं, कोणाची बोलणी खावी लागत नाहीत. आधी तिनं मंगळवार-शुक्रवारची सुई सोडली. काही झालं नाही, असं तिला वाटलं. उलट घरात शांतता झाली. सासू पुन्हा नीट बोलायला लागली. मग तिनं सोमवारचीही सोडली. शेवटी बाटली वाळूतच राहिली.

रोगाला तिनं घराच्या रीतीत बसवलं. घर रोगाच्या रीतीत बसत नव्हतं म्हणून.

तिच्या नवऱ्यानं तिला दौंडला आणलं ते गुळाच्या ट्रकमधून. गूळ रेल्वेनं पुढे जायचा, त्यासाठी ट्रक स्टेशनकडे येत होता. त्यात ढेपांवर घोंगडं टाकून तिला निजवलेलं. ओकाऱ्या थांबत नव्हत्या. श्वास धापा टाकल्यासारखा खोल, आणि तोंडाला नासलेल्या फळाचा वास. डॉक्टरांनी नळी तापवली. हिरवं नाही, पिवळं नाही, एकदम वीट.

"सुई कोणी बंद केली?" त्यांनी विचारलं.

"तिनंच," नवरा म्हणाला.

"का?"

त्याच्या आधी मीच सांगितलं, "जेवायला मिळत नाही म्हणून."

डॉक्टरांनी त्याला बाहेर जायला सांगितलं. रागावले नाहीत, मान वर करून पाहिलंही नाही; दाराकडे नुसता हात केला. सलाईन लावली, सुया दिल्या. तिची शुद्ध परत यायला दुसरा दिवस उजाडला. तिचा नवरा तेवढा वेळ दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. मी त्याला चहा दिला नाही. चाळीतल्या चाचींनी दिला. चाचींचे मिस्टर माझ्या नवऱ्याबरोबर शेडमध्ये फिटर होते. चाची मला म्हणाल्या, "हमारे यहाँ रोजे में बी बीमार कू छूट हय. तुम्हारी देवी के पास छूट नई?"

"देवीकडे असेल," मी म्हणाले. "सासूकडे नाही."

धाकटीला मी माझ्याकडेच ठेवून घेतलं. तिच्या अंगावर थोडं मांस आलं. नळी कधी हिरवी, कधी निळी. मग एका रविवारी तिचा नवरा तिला न्यायला आला, आणि त्याच्याबरोबर सासू. मला वाटतं, मी सुनेला अडकवून ठेवीन अशी तिला धास्ती असावी. धास्ती खरी होती.

माझा नवरा त्या दिवशी घरी होता. पाहुणे बसले, पाणी झालं, इकडचं तिकडचं झालं. बाजरीची भाकरी, भरलं वांगं, आमटी, भात तयार होता. मी घड्याळ बघितलं आणि धाकटीला आत नेऊन सुई घ्यायला लावली. मग बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांच्या समोर, एकच पाट मांडला, एकच ताट वाढलं आणि तिला म्हणाले, "बस."

तिचा नवरा घरचा जावई. बायकोची थोरली बहीण म्हणून मी त्याची आकडसासू. दारात आलेल्या जावयाला कोरडा बसवून त्याच्या बायकोला आधी वाढणं म्हणजे काय, हे मला पुरतं माहीत होतं. म्हणूनच वाढलं.

सासू म्हणाली, "ही कुठली रीत म्हणायची? पुरुषमाणूस उपाशी बसलंय, म्हातारी उपाशी बसलीया, आन् सून जेवती?"

माझा नवरा सहसा अशा भानगडीत पडत नाही. तो तंबाखू मळत म्हणाला, "मावशी, आमच्याकडं ज्याची गाडी आधी, तो आधी जेवतो. आज तिची गाडी आहे."

"कंची गाडी? ती तर आमच्यासंगं यायचीया."

"चुकली तर कुणासंगंच यायची नाही."

धाकटी पाटावर बसली होती, पण हात ताटाला लागत नव्हता. ती सासूकडे बघत होती. सुई अंगात गेलेली. मी म्हणाले, "खा." तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून बसली. मी पुन्हा म्हणाले, "खा." तिच्या ओठांवर घामाचे बारीक थेंब आले. भीतीचे की औषधाचे, ते कळायला मार्ग नव्हता, आणि मला ते कळेपर्यंत थांबायचं नव्हतं. मी उठणार, तिचं तोंड उघडून घास कोंबणार, एवढ्यात तिचा नवरा बोलला.

"खा की. आता हितं आनायचीया का देवी?"

सासूनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. "खा," तो पुन्हा म्हणाला, "आमी हाय बसलेलो."

तिनं घास तोंडात घातला. मग दुसरा. खोलीत नुसता तिच्या चावण्याचा आवाज. एक भाकरी संपेपर्यंत मी दुसरं ताट उचललं नाही. सासूनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. घामाचे थेंब वाळले.

मग मी सगळ्यांना वाढलं. सासूनं पाण्याशिवाय कशाला हात लावला नाही. जेवता जेवता तिच्या नवऱ्यानं मला विचारलं, "अक्का, सुईनंतर किती येळात म्हणलं व्हतं डाक्टर?" डॉक्टरांनी त्याला हेच सांगितलं होतं, त्याच्या तोंडासमोर, आणि त्यानं मान डोलावली होती. मी ते बोलून दाखवलं. अगदी नीट बोलून दाखवलं. तो ऐकून घेत राहिला आणि मग म्हणाला, "व्हय. पर आता सांगा." मी सांगितलं.

निघताना तो चपला घालता घालता हळूच म्हणाला, "चूल येगळी मांडतो."

त्या भागात चूल वेगळी करणं म्हणजे काय ते सांगायला नको. भाऊबंदकी, वाटणी, गावभर चर्चा. त्यानं ती गुढीपाडव्याच्या आधीच मांडली. मळ्याच्या कडेला दोन खोल्या, बाहेर पडवी. आबा काही बोलले नाहीत. सासू पुष्कळ बोलली, आणि ते सगळं माझ्याबद्दल. शिकलेली, रेल्वेतली, घरफोडी. त्या गावात मला आजही घरफोडीच म्हणतात. म्हणू देत. एका बाईला वेळेवर भाकरी मिळावी म्हणून घर फुटावं लागलं, यात लाज कोणाची हे त्यांना कळत नसेल तर मी सांगून कळणार नाही. शेरभर औषध टोचलं असतं तरी त्या ओसरीवर उपयोग नव्हता. औषध दौंडला मिळत होतं. पहिला घास मिळत नव्हता.

उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले तो शुक्रवारच होता. सकाळची वेळ. धाकटी पडवीत चुलीपाशी बसून जेवत होती, एकटीच. नवरा मळ्यात पाणी धरत होता. लांबच्या गावाहून एक बाई आली, कुणीतरी जुनं सांगितलेलं ऐकून. हातात नारळ. ती दारात वाकली आणि म्हणाली, "आई, माझं एक गाऱ्हाणं हाय."

धाकटीच्या तोंडात घास होता. तिनं तो सावकाश चावला, गिळला, वर पाणी प्यायली.

"थांबा जरा, बाई," ती म्हणाली. "जेवू द्या मला."

आणि तिनं भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.